डाव्या हाताचा चुडा

वडगावच्या अलीकडे एका गतिरोधकावर सत्यमनं मोटरसायकल उडवली. तोल जाऊ नये म्हणून मी त्याचा खांदा घट्ट धरला, गाडी सरळ झाल्यावर सोडला आणि सवयीनं उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर ठेवली. तिथं काही नव्हतं. म्हणजे मनगट होतं, मनगटाच्या वर दाटीवाटीनं भरलेल्या हिरव्या बांगड्या होत्या, परंदवडीच्या अंगणात लागलेली थोडी हळदही होती. पण कातडीखाली जी थरथर असायला हवी, ती नव्हती. बोटं जरा वर सरकवली, तर बांगड्या आडव्या आल्या. खाली सरकवली, तर नुसतं हाड लागलं. वाऱ्यामुळे कळत नसेल, इंजिनाच्या हादऱ्यात मिसळली असेल, बोटंच गार पडली असतील, अशी कारणं मी स्वतःला भराभर पुरवली. शाळेत मुलं गृहपाठ न केल्याची कारणं देतात तेव्हा मी सगळं शांतपणे ऐकून घेते आणि मग वही मागते. इथं वही मागायची माझी हिंमत होईना.

दीड वर्षापूर्वी माझ्या किडन्यांनी अंग काढून घेतलं, तेव्हा डॉक्टर शालन रणदिवे यांनी या मनगटाजवळ एक रोहिणी आणि एक नीला एकमेकींना शिवून टाकल्या. आठवीला मी दरवर्षी शिकवते की रोहिणी हृदयाकडून येते, नीला हृदयाकडे जाते आणि दोघींची भेट होते ती फक्त केशवाहिन्यांच्या जाळ्यात. माझ्या हातात त्या दोघी मधल्या सगळ्यांना टाळून थेट भेटतात. याला फिस्टुला म्हणतात. रक्ताचा लोंढा नीलेत घुसतो, नीला फुगते, जाड होते आणि डायलिसिसच्या दाभणासारख्या सुया आठवड्यातून तीनदा सोसायला तयार होते. त्या लोंढ्याची हातात सारखी थरथर राहते. डॉक्टरांच्या भाषेत ती थ्रिल. आमच्या घरात तिचं नाव मांजर, कारण सत्यमनं पहिल्यांदा माझ्या मनगटाला कान लावला आणि दचकून म्हणाला, "अगं, हे तर गुरगुरतंय!" तेव्हापासून सकाळी जाग आली की मी आधी मांजर जागेवर आहे का ते बघते, मग डोळे उघडते. या हाताचे लाड फार. या हाताला रक्तदाबाचा पट्टा बांधायचा नाही, पिशवी अडकवायची नाही, तो उशाखाली घेऊन झोपायचं नाही, घड्याळ नाही, बांगडी नाही. बांगडीचं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. मी तेव्हा हसून म्हटलं होतं, बांगड्यांची हौस मला कधीच नव्हती.

सत्यमला सांगायला हवं होतं. तो पुढे काहीतरी बोलत होता, लग्नात आहेर काय करायचा याबद्दल असावं, आणि मी मागे बसून हूं हूं करत होते. सांगितलं की खरं होणार होतं. येत्या मंगळवारी आमचं ऑपरेशन होतं. आमचं म्हणजे चौघांचं. सत्यमला मला किडनी द्यायची होती, पण आमचे रक्तगट जुळेनात. परंदवडीचे बाजीराव फुलांचा टेम्पो चालवायचे, त्यांच्याही किडन्या गेलेल्या. त्यांच्या बायकोची, चंपाताईंची, त्यांना चालेना. पॉलिहाऊसमध्ये गुलाब तोडून तोडून हाताला घट्टे पडलेल्या या बाईचा गट माझ्याशी जुळला आणि सत्यमचा बाजीरावांशी. मग डॉक्टर रणदिवेंनी दोन्ही जोडप्यांना तळेगावच्या हॉस्पिटलात समोरासमोर बसवलं. सत्यमची किडनी बाजीरावांना, चंपाताईंची मला. एकाच सकाळी चारही ऑपरेशनं, म्हणजे कुणाला मधूनच पाय मागे घ्यायला नको. आमच्या भागात अशी अदलाबदल पहिल्यांदा त्यांनीच केली. लोक आधी नावं ठेवायचे, आता रांगेत बसतात. समितीपुढे जबाब झाले, तपासण्या झाल्या, मंगळवार ठरला. आता मांजर गेलं म्हणजे पुन्हा मानेत नळी घालून डायलिसिस, आणि मानेतल्या नळीनं मला मागे दोन वेळा असा ताप आणला होता की सत्यमनं माझ्या आईला मुक्कामाला बोलावून घेतलं होतं. तापाच्या माणसाला कुणी किडनी बसवत नाही. आणि एकदा टळलेला मंगळवार परत येईलच कशावरून? चंपाताईंच्या घरात माणसं पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाला मत आहे.

डॉक्टरांनी एकदा हा टाका कसा घालतात ते मला दाखवलं होतं. साठी उलटलेली बाई, बोलणं फटकळ, चष्मा नेहमी कपाळावर. मी विज्ञान शिकवते म्हटल्यावर त्यांना चेव आला. सलाइनच्या नळीचे दोन तुकडे घेतले, टोकाला टोक लावलं. "गोल तोंड तसंच शिवायला गेलं की सुई पलीकडची भिंतही धरते आणि नळी बंद. म्हणून तीन ठिकाणी तीन दोरे घ्यायचे आणि ताणायचे. बघा, गोलाचा झाला त्रिकोण. आता तीन सरळ शिवणी, शाळेतल्या मुलीलाही जमतील." शंभराहून जास्त वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या एका तरुण सर्जननं ही युक्ती काढली, बारीक सुई चालवायला तो चक्क भरतकाम करणाऱ्या बाईकडे शिकला, असं त्या कौतुकानं सांगत होत्या. त्याच्या आधी मोठी रक्तवाहिनी तुटली की बहुतेक वेळा ती बांधूनच टाकायची, मग हात जावो की पाय. त्याच्यानंतर ती भरवशानं शिवता येऊ लागली, आणि शिवता आली म्हणून एका देहातलं काढून दुसऱ्यात बसवायचं धाडस माणसाला सुचलं. त्यानं कुत्र्यांमध्ये किडन्या बसवून पाहिल्या, त्याला नोबेल मिळालं. वर्गात सांगता येईल म्हणून डायलिसिसच्या खुर्चीत पडल्या पडल्या मी मोबाइलवर त्याची माहिती वाचत गेले आणि वाचायला नको होतं तेही वाचून बसले. पुढे पुढे हाच माणूस लिहायला लागला की माणसांत जन्मानंच वरचे आणि खालचे असतात, उत्तम तेवढे जपावेत, निकामी लोकांचा भार समाजानं वाहू नये. माझ्या हातात तेव्हा दोन सुया होत्या आणि त्याचा टाका होता. गावानं आमच्या आज्या-पणज्यांबद्दल हेच ठरवून ठेवलं होतं, फक्त गावाला नोबेल मिळालं नव्हतं. मला त्या दिवशी हात स्वतःचा वाटेना. डॉक्टरांना मी ते बोलून दाखवलं, तर चष्मा खाली घेत म्हणाल्या, "टाका चांगला आहे हो. बाकीचं त्याचं त्याला लखलाभ." त्यांना ते जमत होतं. मला अजून नीट जमलेलं नाही.

वडगाव आलं, गेलंही असेल. मी डोळे मिटले आणि परंदवडीचं अंगण पुन्हा समोर आलं. बाजीरावांची पुतणी तेजल, तिचं लग्न घरच्यांनी मुद्दाम ऑपरेशनच्या आधी उरकून घ्यायचं ठरवलं होतं. चंपाताईंचा फोन आला, "बाई, बांगड्या भराया यायचंच. आता काय तुमी परक्या हाय व्हय?" मला ते आवडलं. पण तिथं गेल्यावर त्यांनी सगळ्यांना ओळख करून दिली ती "लोणावळ्याच्या साळंतल्या बाई" अशी. मंगळवारी ज्याची किडनी त्यांच्या धन्याच्या पोटात जायची होती तो माझा नवरा अंगणातल्या खुर्चीत चहा पीत होता, तर त्याची ओळख "बाईंचे मालक". आडनाव कुठंच नाही. बाजीरावांचे वडील, सगळे त्यांना आबा म्हणतात, माझ्याकडे निरखून बघत होते. "मूळ गाव कंचं म्हनायचं?" औंढे, मी म्हटलं. "औंढ्यात कुनाकडचं?" हा प्रश्न मी जन्मभर ओळखते. विचारणारा अगदी मायेनं विचारतो आणि उत्तर येईपर्यंत त्याचा चेहरा रिकामा असतो. "भिमाजी मास्तरांची मुलगी," मी म्हटलं. आबा "हां हां" म्हणाले आणि हरभऱ्याच्या शेताकडे बघत राहिले. त्या हां हां मध्ये काय होतं ते मी तेव्हापासून चाळून चाळून बघत होते. ओळख पटल्याचं होतं, की दार लावून घेतल्याचं? दार लावायला आबांना काहीच लागणार नव्हतं. चंपाताईंना एकदा आत बोलावून घेतलं असतं तरी पुरे होतं.

आणि तेवढ्यात माझी पाळी आली. पोत्यावर बसलेली कासारीण उजवा हात भरून म्हणाली, आता डावा. मी म्हटलं, "डावा राहू द्या." इतक्या हळू म्हटलं की मलाच नीट ऐकू आलं नाही. "अवो, एक हात उघडा ठिवून कसं चालंल? लग्नघर हाय," ती म्हणाली, आणि बाजूच्या बायकांनी माना वळवल्या. चंपाताई आत चहा गाळत होत्या. बाजीरावांचं डायलिसिस घरी, पोटातल्या नळीतून चालतं, हाताची ही भानगड त्या घरात कुणालाच ठाऊक नाही. मी दोन वाक्यांत सांगू शकले असते. फिस्टुला मी पस्तीस मुलांना फळ्यावर काढून दाखवला आहे. पण त्या माना वळलेल्या होत्या, आणि आबांचं हां हां ताजं होतं, आणि मला दिसत होतं की आता नाही म्हटलं तर पुढचा प्रश्न येणार, तुमच्यात भरत न्हाईत का? मग कासारणीनं हात ओढून मांडीवर घेतला. साबणाचा ओला, कढत हात. तिनं माझी बोटं चुरगळून तळवा लहान केला, हाडं एकावर एक घेतली आणि मला, खरं सांगते, बरं वाटलं. माझी आई, नंदाबाई, लहान असताना औंढ्यात कासार यायचा तो आमच्या वस्तीच्या बाहेर थांबायचा. "बांगड्या सुपात टाकायचा लांबनं. आमचं आमी भरायचो, हात पिळवटून. रगत निघायचं गं," ती सांगते. तिचा हात कुठल्याच कासारानं मांडीवर घेतला नव्हता. माझा घेतलेला होता, आबांच्या अंगणात, सगळ्यांच्या देखत. मी तो मागे घेतला नाही. घट्ट मापाच्या भरते, सैल लवकर वाढतात, कासारीण म्हणाली, आणि मी मान डोलावली. आतून आलेल्या चंपाताई माझे दोन्ही हात बघून अशा हसल्या की मला वाटलं, झालं, निभावलं.

"सत्यम, गाडी बाजूला घे."

त्यानं घेतली. माझा चेहरा बघून विचारलंसुद्धा नाही, सरळ माझा हात उचलून कानाला लावला. ट्रक जात होते. तो एक कान बोटानं बंद करून ऐकत राहिला, मग त्यानं जागा बदलली, मग पुन्हा बदलली. "कधीपासून?" त्यानं विचारलं. मला माहीत नव्हतं. त्यानं डॉक्टरांना फोन लावला. त्यांचा आवाज मला लांबूनही ऐकू आला, "आधी ते काढा. मग इकडे या. बोलत बसू नका." सत्यमनं बांगड्या ओढून पाहिल्या. हात सुजला होता, त्या अंगठ्यापाशी येऊन अडत होत्या. तो डिकीतून पाना घेऊन आला.

"थांब," मी म्हटलं.

"काय थांब?"

"त्यांच्या घरचा चुडा आहे. मंगळवारी बाजीराव टेबलावर, तू टेबलावर. चंपाताईंना कळलं की रस्त्यात फोडला…"

सत्यम माझ्याकडे बघत राहिला. "प्रेरणा, ग्रहणाच्या दिवशी तू अख्ख्या वर्गाला अंगणात बसवून खिचडी खायला लावतेस."

ते खरं होतं, आणि त्याचा काही उपयोग होत नव्हता. मी विश्वास ठेवत नव्हते. पण चंपाताई ठेवत असणार, आणि किडनी त्यांची होती. मग माझ्या लक्षात आलं की मी एवढंही खरं बोलत नाहीये. हिरव्या काचेवर पाना उगारलेला बघून मीच हात छातीशी ओढून घेतला होता. विज्ञान, वंदना, बावीस प्रतिज्ञा, सगळं बाजूला ठेवून आतलं कुणीतरी म्हणत होतं, मंगळवारी दोन पुरुष टेबलावर असणार आहेत, तू चुडा फोडू नकोस. मला स्वतःचा संताप आला. मी चंपाताईंना फोन लावला. मागे सनईची रेकॉर्ड चालू होती. मी काय सांगितलं ते आठवत नाही. शिरा, टाका, बांगड्या, सगळं एका श्वासात सांगितलं असणार. 

"मग फोडा की!" चंपाताई ओरडल्या. "मला काय इचारत बसलाय?"

त्यांनी फोन ठेवून दिला. मी पाना सत्यमच्या हातातून घेतला आणि स्वतःच मारला. काच उडाली, एक तुकडा मनगटात घुसला. रक्त आलं, हळू, ओघळत. फिस्टुलाचं रक्त असं येत नाही, ते कारंज्यासारखं उसळतं. ते बघून मला भीती वाटली तेवढी अख्ख्या दीड वर्षात वाटली नव्हती.

तळेगावच्या थिएटरमध्ये डॉक्टरांनी फक्त हात बधिर केला, त्यामुळे मी जागी होते. तोंडासमोर हिरवा कपडा होता आणि त्याच्या पलीकडे त्यांचं फटकळ बोलणं. "बांगड्या! सायन्सच्या बाई आणि बांगड्या!"  मला नुसतं ओढल्यासारखं जाणवत होतं. "गुठळी बघायचीय?" त्यांनी विचारलं, मी हो म्हटलं, आणि त्यांनी चिमट्यात धरून एक काळपट, लांबट, जळवेसारखं काहीतरी दाखवलं. दुपारभर माझ्या आणि मंगळवारच्या मधे तेवढंच बसून होतं. मग त्या शिवायला लागल्या. मी तीन दोऱ्यांचा विचार केला, गोलाच्या त्रिकोणाचा, त्या फ्रेंच माणसाचा. तो आत्ता इथं उभा असता तर या हातासाठी त्यानं सुई उचलली असती का? माहीत नाही. डॉक्टर रणदिवेंनी उचलली होती, त्यांच्या नात्यातल्या एका लग्नाला निघालेल्या असताना, भरजरी साडीवर गाऊन चढवून. माझं डोकं त्या वेळी एवढ्यावर थांबलं आणि मला तेवढं पुरलं. त्यांनी चिमटे सोडले आणि बोट ठेवलं.  भूल देणारा मुलगासुद्धा मॉनिटर सोडून तिकडे बघत होता.

"आहे," डॉक्टर म्हणाल्या. "अशक्त आहे. मंगळवारपर्यंत पुरवा."

बाहेर बाकावर चंपाताई बसल्या होत्या. हाताला हळद तशीच, पायात कुणाच्या तरी मोठ्या चपला, पुतण्याच्या गाडीवर बसून आल्या होत्या. सत्यम त्यांच्यापासून लांब, भिंतीला टेकून उभा होता. दोघांचं बोलणं झालेलं दिसत नव्हतं. मला वाटलं त्या जवळ घेतील. त्या जागच्या उठल्यासुद्धा नाहीत.

"मी पोटातलं काढून द्याया निघाले," त्या म्हणाल्या, "अन् तुमाला हात नको म्हनाया भ्या वाटलं? आमी काय खातो का मानसं?"

मी काही बोलले नाही.

"परत गप बसलाच. असं गप बसनार असाल तर मला न्हाई द्यायची माजी किडनी. उद्या तिला काय व्हाया लागलं तरी तुमी कुनाला सांगनार न्हाई."

तेव्हा मला राग आला. इतका वेळ स्वतःवर आलेला राग एकदम त्यांच्याकडे वळला, आणि त्याचं मला बरंच वाटलं. "मग सांगते," मी म्हटलं. "तुमच्या घरी आमचं आडनाव का नाही सांगितलंत? शाळेतल्या बाई, बाईंचे मालक. सगळ्यांसमोर आम्हाला नाव नव्हतं. अशा घरात नाही कसं म्हणायचं असतं, ते मला कुणी शिकवलेलं नाही."

चंपाताईंनी नखातली हळद खरवडायला घेतली. कॉरिडॉरमधून एक स्ट्रेचर गेलं. "मी बी भ्याले," त्या शेवटी म्हणाल्या. "आबा मोडता घालतील म्हनून. म्हनलं, एकदा ऑपरेशन हुंद्या, मंग सांगू." मग त्यांनी कमरेचा मोबाइल काढला आणि माझ्यासमोरच फोन लावला. सत्यम भिंतीपासून पुढे आला. "चंपाताई, आत्ता नको," तो म्हणाला.  मलाही तेच म्हणायचं होतं. त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं आणि सांगून टाकलं. नाव, आडनाव, औंढे, जात, सगळं, एका दमात, मोठ्यानं, बाकावरची इतर माणसं बघायला लागली इतक्या मोठ्यानं. मग ऐकत राहिल्या. पलीकडचं मला काही कळत नव्हतं. व्हय, त्या म्हणाल्या. न्हाई. व्हय. माझा हात बधिर होता, त्यामुळे बघायला दुसरं काहीच नव्हतं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि त्यावरून मंगळवार राहतो की जातो ते वाचत होते.

त्यांनी फोन खाली घेतला. "आबा म्हनत्यात, मला भिमाजी मास्तर म्हनल्यावरच कळलं व्हतं. सूनबाई सांगंल म्हनून वाट बगत बसलो." त्यांनी नाक ओढलं. "म्हनत्यात, परवा लग्नाला दोघांनी यायचं. नावानं हाक मारून पंगतीला बसवतो."

सत्यम बाकावर मटकन बसला आणि हसायला लागला. मला हसू आलं नाही. एवढी माणसं इतके दिवस एकमेकांना जपत गप्प बसली होती आणि त्या सगळ्या गप्पपणाचा भार माझ्या एका मनगटावर पडला होता. आबांना कळलं होतं, तर त्या रिकाम्या चेहऱ्यानं शेताकडे कशाला बघत बसले? हे मी त्यांना कधीतरी विचारणार होते. नुसतं येऊन जेवून जाण्यात माझं भागणार नव्हतं.

"आबांना सांगा, येते," मी म्हटलं. "पण डावा हात उघडा ठेवून येईन. आणि का उघडा आहे ते अंगणात मीच सांगेन."

चंपाताईंनी माझ्याकडे बघितलं, आणि फोन पुन्हा कानाला लावला.